वाचकांचे प्रश्न : वाफ्यातले गांडूळ कोणते?

बागेच्या मातीत सापडणाऱ्या गांडुळांविषयी आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकाच प्रश्नात सामावून घेतली असून लांबलेली वर्णने थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : वाफा खणताना एकाच ढेकळात तीन रंगांची गांडुळे निघाली. एक तांबूस-जांभळे, एक राखाडी आणि एक फिकट गुलाबी, दोऱ्यासारखे बारीक. या तीन वेगळ्या जाती समजायच्या, की एकाच जातीची लहानमोठी गांडुळे?

उत्तर : नुसत्या रंगावरून याचे उत्तर देता येणार नाही. जगात आजवर गांडुळांच्या पाच हजारांहून अधिक जातींची नोंद झाली आहे. त्यांतल्या कितीतरी तांबूस आहेत आणि कितीतरी राखाडी. शिवाय राखाडी रंग पुष्कळदा गांडुळाचा स्वतःचा नसतोच. मातीच्या आत राहून मातीच खाणाऱ्या जातींच्या कातडीत रंगद्रव्य जवळजवळ नसते, त्यामुळे पोटातली माती बाहेरून दिसते. असे एखादे गांडूळ ओल्या टिपकागदावर झाकून एक-दोन दिवस ठेवले, तर पोट रिकामे होऊन तेच गांडूळ गुलाबी दिसू लागते. हा प्रयोग मी पहिल्यांदा केला तेव्हा डब्यातले गांडूळ घरातल्या कोणीतरी बदलले असावे, अशी शंका मला आली होती. याउलट ॲलोलोबोफोरा क्लोरोटिका या एकाच जातीत काही गांडुळे हिरवट असतात, तर काही गुलाबी. रंगाच्या भरवशावर राहणारा माणूस पहिल्या वेळी एका गांडुळाच्या दोन जाती करतो आणि दुसऱ्या वेळी एका जातीच्या दोन.

म्हणून आधी गांडुळाचे वय पाहावे. पूर्ण वाढलेल्या गांडुळाच्या अंगावर, तोंडाकडच्या अर्ध्या भागात, कातडी जाड होऊन एक पट्टा तयार झालेला असतो. त्याला क्लायटेलम म्हणतात. ज्या कोशात गांडूळ अंडी घालते तो कोश याच पट्ट्यातून स्रवतो. पट्टा नसेल तर गांडूळ बहुधा वयात आलेले नाही, आणि अशा गांडुळाची जात केवळ बाहेरून पाहून ठरवण्याच्या भानगडीत जाणकारही सहसा पडत नाहीत. आपल्या तिसऱ्या, दोऱ्यासारख्या गांडुळाला पट्टा दिसला नाही, तर ते पहिल्याचे पिल्लू आहे, दुसऱ्याचे आहे, की आणखी कोणाचे, हा प्रश्न तिथेच सोडून द्यावा. पट्टा दिसला, तर मात्र ते लहान नसून लहानखुरे आहे असे समजावे. डायकोगॅस्टर या प्रजातीतली काही गांडुळे पूर्ण वाढूनही तीन-चार सेंटिमीटरच्या पुढे जात नाहीत.

वयानंतर पाहायचे ते ठिकाण. मार्सेल बूशे या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात गांडुळांचे त्यांच्या राहणीवरून तीन गट पाडले, आणि बागेत काम करणाऱ्याला या वर्गीकरणाइतके उपयोगी दुसरे काही नाही, असे माझे मत आहे. पहिला गट पालापाचोळ्यात, शेणाखाली आणि कुजत्या थरात राहणाऱ्यांचा. ही गांडुळे बहुधा आकाराने बेताची, वरून गडद तांबूस किंवा जांभळट आणि हात लावताच सळसळ पळणारी असतात. खोल बिळे करण्याच्या फंदात ती पडत नाहीत. दुसरा गट मातीच्या वरच्या थरात आडवीतिडवी बिळे करत माती खात फिरणाऱ्यांचा. ही फिकट, मंद आणि हातात घेतल्यावर बऱ्याचदा मुकाट्याने पडून राहणारी. तिसरा गट खोल, उभी, कायमची बिळे करून राहणाऱ्यांचा. ही मोठी असतात, त्यांचा पुढचा भाग गडद आणि मागचा फिकट असतो, आणि रात्री शेपटी बिळात रोवून ठेवून ती तोंडाने पाने आत ओढतात. चार्ल्स डार्विनने १८८१ साली गांडुळांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्यात त्याने नोंदवले आहे की गांडुळे बहुतेक पाने निमुळत्या टोकाकडून ओढतात, कारण तशीच ती बिळात सहज जातात. सकाळी एखादे पान जमिनीत उभे खोचल्यासारखे दिसले, तर न खणताही तिसऱ्या गटाची वस्ती असल्याचा अंदाज येतो.

आपल्या ढेकळातले तांबूस-जांभळे गांडूळ पहिल्या गटातले आणि राखाडी दुसऱ्या गटातले असण्याची शक्यता मोठी आहे. तिथे वरचे आच्छादन आणि खालची माती एकमेकांत मिसळली असेल, तर दोघांची भेट एकाच ढेकळात होणे स्वाभाविक आहे.

प्रश्न : गांडुळाचा पट्टा चौदाव्या ते सोळाव्या वलयावर असतो, असे आम्ही शाळेत शिकलो. माझ्या कुंडीतल्या गांडुळाचा पट्टा पुष्कळ मागे, तिसाव्या वलयाच्या आसपास आहे, आणि तो पोटाच्या बाजूला पूर्ण मिटलेला नाही. हा काही रोग आहे का? की माझे मोजणे चुकले?

उत्तर : रोग नाही, आणि मोजणेही बहुधा चुकलेले नाही. पुस्तकातले गांडूळ वेगळे आणि आपल्या कुंडीतले वेगळे, एवढाच याचा अर्थ. पाठ्यपुस्तकांत फेरेटिमा पोस्थुमा या नावाने जे शिकवले जाई, त्याला आता मेटाफायर पोस्थुमा म्हणतात. या गांडुळाचा आणि त्याच्या भाऊबंदांचा पट्टा १४ ते १६ या तीन वलयांवर, अंगठीसारखा सगळीकडून वेढलेला असतो. लुम्ब्रिसिडी या दुसऱ्या कुळातल्या गांडुळांचा पट्टा मात्र बराच मागे असतो आणि तो खोगिरासारखा पाठीवर टाकलेला, पोटाकडे उघडा असतो. या कुळातल्या लुम्ब्रिकस टेरेस्ट्रिसमध्ये तो साधारण ३२ ते ३७ या वलयांवर, तर आयसेनिया फेटिडामध्ये पंचविसाव्याच्या आसपास सुरू होऊन ३२ पर्यंत येतो. हे कूळ मूळचे युरोप आणि त्याला लागून असलेल्या समशीतोष्ण प्रदेशांतले. परंतु रोपांच्या मुळांना चिकटलेल्या मातीबरोबर आणि कुंड्यांबरोबर त्यातल्या अनेक जाती जगभर पसरल्या आहेत. कुंडीत असा पाहुणा सापडण्यात म्हणूनच काही नवल नाही.

पट्ट्याची जागा आणि त्याचा आकार या दोन गोष्टी जात ओळखण्याच्या कामी सर्वांत भरवशाच्या आहेत. मात्र त्यासाठी वलये नीट मोजता आली पाहिजेत, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. माझी पद्धत सांगतो. गांडूळ स्वच्छ पाण्यात हलकेच धुऊन पांढऱ्या, ओल्या ताटलीत सोडावे. पट्टा ज्या टोकाला जवळ आहे ते तोंडाचे टोक. तोंडावर ओठासारखा जो लहानसा पालव पुढे आलेला असतो तो मोजायचा नाही. तोंडाभोवतीचे वलय हे पहिले. गांडूळ लांबते आणि आखडते, त्यामुळे डोळ्यांदेखत मोजताना दहाव्या-बाराव्या वलयाच्या पुढे हमखास चुकते. ते पुरते लांबले असताना मोबाइलने बाजूने छायाचित्र घ्यावे आणि मोठे करून त्यावर मोजावे. काही जातींत एका खऱ्या वलयावर आणखी एक-दोन बारीक चुण्या असतात व त्याही वलयांसारख्याच भासतात. शंका आल्यास भिंगातून पाहावे. खऱ्या वलयावर राठ रोम असतात, चुणीला ते वेगळे नसतात. लुम्ब्रिसिडी कुळात आणखी एक सोय आहे : पंधराव्या वलयावर पोटाच्या दोन्ही बाजूंना नराच्या जननछिद्राची चीर असते आणि कित्येक जातींत तिच्या कडा फुगीर असल्यामुळे ती नुसत्या डोळ्यांनीही दिसते. ती सापडली की मोजणी तिथून पुढे सुरू करावी. मेटाफायर आणि त्याच्या नातलगांत नराची छिद्रे पट्ट्याच्या मागे, अठराव्या वलयावर असतात.

राठ रोमांची मांडणीही कूळ सांगते. लुम्ब्रिसिडी कुळात प्रत्येक वलयावर आठच रोम असतात, तेही चार जोड्यांत. मेटाफायरमध्ये वलयाभोवती त्यांचे कडेच असते. भिंग हाताशी नसेल तर गांडूळ कोऱ्या, कोरड्या कागदावर क्षणभर सोडून कान जवळ न्यावा. रोम कागदाला घासल्याचा बारीक खरखर आवाज ऐकू येतो. यावरून जात कळत नाही हे खरे, पण रोम म्हणजे काय हे एकदा कानांनी कळले की मग ते डोळ्यांना लवकर सापडतात.

एवढे करूनही नाव नक्की झाले नाही, तर वाईट वाटून घेऊ नये. लुम्ब्रिकस टेरेस्ट्रिस हे युरोपातले सर्वांत परिचित गांडूळ. त्याला १७५८ साली लिनियसने नाव दिले. त्या एका नावाखाली प्रत्यक्षात दोन जाती वावरत असल्याचे २०१० मध्ये डीएनएच्या तपासणीतून स्पष्ट झाले.

प्रश्न : गांडूळखताच्या बेडमधली गांडुळे मी बागेच्या मातीत सोडली. दोन महिन्यांनी खणून पाहिले तर एकही नाही, उलट वेगळीच फिकट गांडुळे दिसली. माझी गांडुळे बदलली, की मेली?

उत्तर : बदलली नाहीत. खतासाठी पाळली जाणारी गांडुळे वर सांगितलेल्या पहिल्या गटातली, म्हणजे कुजणाऱ्या थरात राहणारी. नुसत्या मातीत त्यांना पुरेसे खाद्य मिळत नाही. ती निघून जातात किंवा मरतात. आपल्याला दिसलेली फिकट गांडुळे वाफ्यात आधीपासूनच असणार. माती खाऊन बिळे करण्याचे काम तीच करतात, आणि त्यांना विकत आणून सोडण्यापेक्षा वाफ्यावर पालापाचोळ्याचे आच्छादन राखणे अधिक उपयोगाचे.

खताच्या बेडमध्ये चार जाती विशेष आढळतात आणि त्या एकमेकींत मिसळलेल्याही असतात, म्हणून त्यांच्या खुणा इथे देतो. आयसेनिया फेटिडाच्या अंगावर तांबडी वलये आणि त्यांमध्ये पिवळट फट असे आडवे पट्टे दिसतात. ते चिमटीत धरल्यास पिवळट, उग्र वासाचा द्रव सोडते. त्याचा जुळा भाऊ शोभावा असा आयसेनिया आंद्रेई सबंध तांबडा असतो आणि त्यावर असे पट्टे नसतात. युड्रिलस युजेनी हे मूळचे पश्चिम आफ्रिकेतले, या सर्वांत लांब आणि जाड, करड्या-जांभळ्या रंगाचे. उजेडात त्याच्या पुढच्या भागावर निळसर झळाळी दिसते. त्याचा पट्टा पुढे, चौदाव्या ते अठराव्या वलयाच्या दरम्यान असतो. पेरिओनिक्स एक्सकॅव्हॅटस बारीक, वरून गडद जांभळट आणि खालून फिकट असते, आणि त्याच्या पाठीवरही निळी झळाळी असते. रंगात ही दोन फसवतात. त्यांना हात लावून पाहावे : पेरिओनिक्स विलक्षण चपळ असते, बोटांतून निसटते आणि बेडमधून बाहेर पडण्यातही तेच पटाईत.

प्रश्न : हात लावताच एक गांडूळ सापासारखे तडफडले, अक्षरशः उडाले, आणि त्याची शेपटी तुटून माझ्या हातात राहिली. हे धोकादायक आहे का?

उत्तर : आपल्याला धोका काहीच नाही. वळवळण्याची ही रीत ॲमिन्थस आणि मेटाफायर या प्रजातींत दिसते. तिच्यामुळेच त्यांतल्या काहींना उड्या मारणारी गांडुळे म्हणतात. शेपटी सोडून देणे हा त्यांचा बचाव आहे. खात्री करायची तर पट्टा पाहावा. तो पुढे, तोंडाजवळ असेल, सबंध वेढलेला, दुधट आणि कातडीच्या पातळीतच असेल, वर उचललेला नसेल, तर ओळख पटली. पेरिओनिक्सही वळवळते, पण ते जांभळट असते आणि त्याचा पट्टा जवळजवळ पाच वलये व्यापतो.

ही गांडुळे मूळची आशियातली आहेत. उत्तर अमेरिकेच्या उत्तर भागातल्या जंगलांत, जिथे हिमयुगानंतर स्थानिक गांडुळे उरलीच नव्हती, तिथे मात्र त्यांनी पालापाचोळ्याचा थर खाऊन खालची माती रवाळ व भुसभुशीत करून टाकली आणि तिथली वनस्पतिसृष्टी अडचणीत आली. गांडूळ म्हणजे सर्वत्र शेतकऱ्याचा मित्र, हे वाक्य त्या जंगलात लागू पडत नाही. एका ठिकाणची माती, रोपे किंवा खत दुसऱ्या ठिकाणी नेताना म्हणूनच थोडे जपून असावे. बारीक कोश मातीच्या कणांत सहज लपतात.

प्रश्न : खताच्या डब्यात पांढरे, धाग्यासारखे शेकडो किडे झाले आहेत. ही गांडुळांची पिल्ले आहेत का?

उत्तर : बहुधा नाहीत. ती एन्किट्रीड कुळातली पांढरी कृमी, गांडुळांची दूरची नातलग, निरुपद्रवी. गांडुळाचे पिल्लू कितीही लहान असले तरी त्याच्या पारदर्शक कातडीतून रक्तवाहिनीची लाल रेघ दिसते. ती नसेल आणि सगळे अंग चुन्यासारखे पांढरे असेल, तर ते पिल्लू नव्हे. फार ओल आणि आंबटपणा असला की यांची संख्या वाढते.

प्रश्न : कुंडी उलटी केली तेव्हा मुळांत काळसर, चकचकीत, वीतभराहून लहान गांडूळ दिसले. अंगावर वलये नव्हती आणि ते फार वेगाने मातीत शिरले. ही कोणती जात?

उत्तर : हे गांडूळ नसून वाळा साप असावा. तो आंधळ्यासारखा, बिनविषारी आणि कुंड्यांबरोबर जगभर फिरलेला. मुंग्या-वाळवीची अंडी खाऊन जगतो. वलयांऐवजी गुळगुळीत खवले, मधूनच बाहेर येणारी इवलीशी जीभ आणि अंगावर चिकटपणा नसणे, या तीन खुणा पुरेशा आहेत. त्याला मारू नये. होता तिथे मातीत सोडावे.

याच पत्रात दुसऱ्या एका प्राण्याचे वर्णन आहे : लांब, चपटा, पाठीवर गडद रेघा आणि डोके अर्धचंद्रासारखे पसरट. तोही गांडूळ नाही. बायपेलियम गटातला तो चपटा कृमी असून गांडुळे हेच त्याचे भक्ष्य आहे. या गटातल्या एका जातीचे वर्णन १८७८ मध्ये इंग्लंडमधल्या क्यू उद्यानाच्या काचगृहात सापडलेल्या नमुन्यावरून झाले, म्हणून तिच्या नावात क्यू आहे. त्याला उघड्या हाताने धरू नये, कारण या गटातल्या काही जातींच्या अंगात विष आढळले आहे. आणि त्याचे तुकडेही करू नयेत, कारण प्रत्येक तुकड्यापासून नवा कृमी होऊ शकतो. गांडुळाविषयी ऐकिवात असलेली ही गोष्ट गांडुळाला लागू नाही, याला आहे.

प्रश्न : कोरड्या दिवसांत खोल खणल्यावर गांडुळे गाठ मारल्यासारखी गोळा होऊन पडलेली दिसतात. ती मेलेली असतात का? आणि त्यांना पट्टा का नसतो?

उत्तर : ती विश्रांती घेत असतात. माती कोरडी पडली की दुसऱ्या गटातल्या अनेक जाती स्वतःभोवती चिकट स्रावाने लिंपलेली छोटी खोली करतात आणि अंगाची गाठ करून ओल येईपर्यंत पडून राहतात, त्यामुळे शरीरातले पाणी कमी उडते. या काळात काही जातींचा पट्टा ओसरतो आणि पूर्ण वाढलेले गांडूळही पिल्लासारखे दिसते. ओळख पटवण्याचा हा काळ नव्हे. माती पुन्हा बंद करावी.

प्रश्न : खणताना कुदळीने गांडुळे तुटतात. न खणता ती बाहेर काढून पाहता येतील का?

उत्तर : येतील. मोहरीची पूड यासाठी वापरतात. सुमारे ४० ग्रॅम पूड चार लिटर पाण्यात चांगली कालवून, पालापाचोळा बाजूला केलेल्या हातभर चौरस जागेवर हळूहळू, दोन-तीन वेळा थांबून ओतावी. मोहरीचा तिखटपणा गांडुळांच्या कातडीला झोंबतो आणि काही मिनिटांत ती वर येऊ लागतात. खोल बिळांत राहणारी मोठी गांडुळे यानेच हाती लागतात. कुदळीची चाहूल लागताच ती खाली निसटतात. आडव्या बिळांतली फिकट गांडुळे मात्र या उपायाला नीट दाद देत नाहीत, त्यांच्यासाठी खणावेच लागते. त्याकरिता २५ सेंटिमीटर लांब-रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल असा मातीचा ठोकळा कुदळीऐवजी फावड्याने अखंड काढून एखाद्या ताडपत्रीवर ठेवावा आणि हाताने मोकळा करावा. मोजमाप ठरलेले असले की पुढच्या हंगामात त्याच वाफ्यात पुन्हा पाहून तुलना करता येते.

मोहरीच्या पाण्याने वर आलेली गांडुळे लगेच स्वच्छ पाण्यात धुवावीत, पट्टा आणि वलये पाहून छायाचित्रे घ्यावीत, आणि ओतलेल्या जागेपासून दोन-तीन हात दूर, सावलीतल्या ओल्या मातीवर सोडावीत. तिथून ती स्वतःच आत जातात.